चांदीचें पाणी गढूळ कां होतें ?

पावसाळ्याच्या दिवसांत ज्या घरीं पिण्याच्या पाण्याची काळजी घेतली जाते, त्या घरचें निम्में दुखणें टळतें, हें आमच्या शेतकरी बंधूंस नव्यानें सांगावयास नको. परंतु काळजी घेणें आणि योग्य ती काळजी घेणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोठें कोठें चांदीच्या दोन तारा पाण्यांत सोडून व त्यांतून विजेचा सौम्य प्रवाह काढून घरच्या घरीं ‘चांदीचें पाणी’ करण्याची खटपट चालते. हें पाणी जंतुनाशक असतें, तें रोज घेतलें असतां पोटाचे विकार होत नाहींत, अशी समजूत त्यामागें असते. ही खटपट करणाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते, ती ही कीं पाणी गढूळ होतें. तें गढूळ कां होतें, तसें होऊं नये म्हणून काय करावें लागतें, आणि निवळ झाल्यावर तरी तें पिण्याजोगें असतें काय, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथें करणार आहोंत.

मुळशी तालुक्यांत पौडाहून कोंकणांत उतरणाऱ्या रस्त्यावर, घाटमाथ्यापाशीं, ताम्हिणी हें गांव आहे. विंझाई देवीचें हें स्थान. महाराष्ट्रांतील अतिपर्जन्याच्या गांवांत याची गणना होते. वर्षास सहा हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथें पडतो, आणि २०२४ च्या जुलै महिन्यांत तर एका अहोरात्रांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. भात हें येथील मुख्य पीक, व त्याच्या जोडीला वरकस जमिनींत नाचणी व वरी. पाणी चहूंकडून वाहत असतें, परंतु डोंगरउतारावरील माती, पालापाचोळा व गुरांचें शेण यांवरूनच तें विहिरींत व झऱ्यांत उतरतें. म्हणून पाण्याची सर्वांत अधिक विपुलता ज्या महिन्यांत, त्याच महिन्यांत हगवण व कावीळ यांचें भय सर्वांत अधिक, असा येथील प्रकार आहे.

गेल्या श्रावणांत भातावरील कीड पाहण्यासाठीं आम्ही त्या बाजूस गेलों असतां पावसानें अडविलें, म्हणून एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरीं थांबलों. ओटीच्या कोनाड्यांत एक कांचेची बरणी होती. तींत चांदीच्या दोन तारा सोडलेल्या, व त्या नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्यांस जोडलेल्या. बरणींतील पाणी ताकासारखें पांढुरकें झालें होतें, व तळाशीं करडा गाळ बसला होता. गृहस्थ म्हणाले, “साहेब, चांदी पारखून घेतली आहे, तींत कांहीं खोट नाहीं. बरणीहि उकळून घेतली. मग पाणी असें कां नासतें, तें तेवढें सांगा.”

प्रश्न रसायनशास्त्राचा म्हणून आम्हांस त्याचें कौतुक वाटलें. परंतु पुढें बोलण्यांत असें निघालें, कीं त्यांच्या वृद्ध मातोश्री दोन महिन्यांपासून रोज सकाळीं याच पाण्याचें एक फुलपात्र घेत आहेत, आणि ‘आतां चांदीचें पाणी आहे’ म्हणून चुलीवरचें पिण्याच्या पाण्याचें आधण बंद झालें आहे. तेव्हां मात्र आम्ही पावसाची उघडीप पाहण्याचें सोडून दिलें व तेथेंच बसलों.

प्रथम एक साधा प्रयोग केला. कांचेचे तीन पेले स्वच्छ धुऊन घेतले. पहिल्यांत हापशाचें पाणी, दुसऱ्यांत जस्ती पत्र्याच्या पागोळीचें पावसाचें पाणी, व तिसऱ्यांत इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठीं आणलेल्या मोहोरबंद डब्यांतील ऊर्ध्वपातित पाणी घेतलें. चांदीच्या त्याच तारा प्रत्येक वेळीं पुसून तिन्ही पेल्यांत पाळीपाळीनें सोडल्या. हापशाच्या पाण्यांत दोन-चार मिनिटांतच एका तारेपासून पांढरा धूर निघावा तसें दिसूं लागलें, व पेला दुधाळ झाला. पागोळीच्या पाण्यांत तीच क्रिया मंद गतीनें झाली. पाणी दुधाळ न होतां धुकट झालें. ऊर्ध्वपातित पाण्यांत पाव तास कांहींच दिसलें नाहीं. तासाभरानें विजेरीचा झोत बाजूनें टाकला, तेव्हां पाण्यांत उजेडाची फिकट वाट दिसली. पाणी मात्र निवळ होतें. चांदी तीच, बॅटऱ्या त्याच, पेलेहि सारखेच. बदललें होतें तें केवळ पाणी.

याचें कारण असें. विजेचा प्रवाह सुरू झाला म्हणजे धन टोंकाच्या तारेवरील चांदी विद्युद्भारित सूक्ष्म कणांच्या रूपानें पाण्यांत उतरते. या कणांस आयन म्हणतात. शुद्ध पाण्यांत हे आयन मोकळे राहतात, व कांहीं अंशीं धातुरूप चांदीचे अतिसूक्ष्म कण होऊन पाण्यांत तरंगतात. या तरंगत्या अवस्थेस शास्त्रांत कलिल म्हणतात. परंतु पाण्यांत मिठाचा अंश, म्हणजे क्लोराइड, असेल तर चांदी त्याच्याशीं तत्काळ संयोग पावते व सिल्व्हर क्लोराइड हा पांढरा, जवळजवळ न विरघळणारा पदार्थ तयार होतो. एक मिलिग्रॅम क्लोराइड सुमारें तीन मिलिग्रॅम चांदी बांधून ठेवतें. ज्या पाण्यांत लिटरास वीस मिलिग्रॅम क्लोराइड आहे, आणि विहिरीच्या पाण्याच्या मानानें हें प्रमाण कांहीं मोठें नव्हे, त्या पाण्यांत लिटरास एक दशांश मिलिग्रॅम इतकीसुद्धां चांदी विरघळलेली राहूं शकत नाहीं. बाकीची सर्व चोथा होऊन तळाशीं बसते. हा चोथा उजेडांत ठेवला असतां जांभळट व मग काळसर होतो. जुन्या छायाचित्रांचा कागद याच गुणावर चालत असे.

आतां ताम्हिणीच्या त्या हापशांत क्लोराइड कोठून आलें ? काळ्या पाषाणांतून व जांभ्यांतून पाझरणारें तेथील पाणी मुळांत फार क्षारट नसतें. परंतु त्याच आठवड्यांत गांवच्या पाण्यांत ब्लीचिंग पावडर टाकली होती. तिच्यांतील क्लोरीन आपलें काम करून शेवटीं क्लोराइडच्या रूपानें पाण्यांत राहतो. म्हणजे ज्या पदार्थानें चांदीचें पाणी नासलें, त्याच पदार्थानें पिण्याचें पाणी निर्धोक केलें होतें. गढूळपणा दिसला म्हणून गृहस्थांनीं दोष हापशाच्या पाण्यास दिला. वास्तविक त्या घरांतील तीन पाण्यांपैकीं पिण्यास योग्य असें तेंच एक होतें.

पावसाचें पाणी म्हणजे ऊर्ध्वपातितच होय, असा कित्येकांचा समज असतो. तोहि तपासून घ्यावा. आपला पाऊस समुद्रावरून येतो, व वाऱ्याबरोबर समुद्राच्या तुषारांतील मिठाचा अंश घाटमाथ्यापर्यंत पोंचतो. शिवाय हवेंतील कर्बद्विप्राणिद वायु त्यांत विरघळतो, म्हणून स्वच्छ पावसाचें पाणीहि किंचित् आम्लच असतें. तें पत्र्यावर पडलें कीं जस्ताचा अंश, धूळ व पांखरांची विष्ठा त्यांत मिसळते. वळवाच्या पहिल्या सरींचें पाणी तर केव्हांहि धरून ठेवूं नये.

पाण्याचा दोष ओळखण्याचीं लक्षणें आम्ही थोडक्यांत देतों.

(१) तारा सोडतांच पांढरा धूर निघणें, हें क्लोराइडचें लक्षण. नळाचें, हापशाचें व ब्लीचिंग पावडर टाकलेलें पाणी असें वागतें.

(२) प्रवाह आरंभींच जोरानें वाहणें, बुडबुडे येणें व तारेवर काळी मऊ साय धरणें, हें एकंदर क्षार अधिक असल्याचें लक्षण. शुद्ध पाण्यांतून वीज जवळजवळ वाहतच नाहीं. प्रवाह फार अल्प असतो व चांदी उतरेल तसा हळूहळू वाढतो. क्रिया लवकर व्हावी म्हणून कोणी चिमूटभर मीठ टाकतात. त्यानें वीज वाहते खरी, परंतु चांदीचें पाणी न होतां सिल्व्हर क्लोराइडचा चोथा होतो.

(३) पाणी फिकट पिवळें होणें म्हणजे चांदीचे कण सूक्ष्म आहेत. करडें अथवा काळसर होणें म्हणजे ते एकमेकांस चिकटून मोठे झाले आहेत. बहुधा प्रवाह फार वेळ अगर फार जोरानें चालविल्याचें हें फळ असतें.

(४) पाणी उकळून घेतलें तरी गढूळ होणें. उकळण्यानें जंतु मरतात, क्षार जात नाहींत. उलट पाणी आटल्यामुळें मिठाचें प्रमाण वाढतें. फडक्यानें गाळून अथवा तुरटी फिरवूनहि विरघळलेलें मीठ निघत नाहीं. तुरटीनें गाळ बसतो, परंतु तिचा स्वतःचा क्षार पाण्यांत राहतो.

(५) आर. ओ. यंत्राचें पाणीहि धुकट होणें. या यंत्रानें क्षार पुष्कळ कमी होतात, सर्वस्वीं जात नाहींत. जें थोडें क्लोराइड उरतें तेवढें चांदीस पुरेसें होतें.

या सर्व तक्रारींवर रासायनिक दृष्ट्या उपाय एकच, तो म्हणजे वाफ धरून केलेलें ऊर्ध्वपातित पाणी. बॅटरीसाठीं मिळणारें पाणी क्षाररहित असतें, पण तें पिण्यासाठीं केलेलें नसतें, त्यांत जंतु नसल्याची हमी नसते, व पुष्कळ दुकानांत बॅटरीचें ॲसिडहि तशाच डब्यांतून ठेवलेलें असतें. म्हणून हें पाणी व ॲसिड यांचे डबे स्वयंपाकघरांत कदापि आणूं नयेत, व रिकाम्या डब्यांत पिण्याचें पाणी भरूं नये, ही सूचना आम्ही आग्रहानें करतों.

येथवर पहिल्या दोन प्रश्नांचा निकाल लागला. तिसऱ्या पेल्यांतील निवळ पाणी पाहून गृहस्थ आनंदले, व म्हणाले, “म्हणजे आतां आईला हें द्यायला हरकत नाहीं ना ?” खरा धोका येथेंच आहे. गढूळ पाण्यांतील चांदी निदान तळाशीं बसत होती. निवळ पाण्यांतील सर्वच्या सर्व पोटांत जाणार. विजेचा हिशेब निश्चित आहे. एक मिलिअँपिअर प्रवाह एक तास चालला तर जास्तीत जास्त सुमारें चार मिलिग्रॅम चांदी तारेवरून उतरते. पाव लिटरच्या पेल्यांत ती उतरली म्हणजे लिटरास सोळा मिलिग्रॅम हें प्रमाण झालें. पिण्याच्या पाण्याविषयींचें भारतीय मानक (आय. एस. १०५००, २०१२) लिटरास ०.१ मिलिग्रॅमहून अधिक चांदी मान्य करीत नाहीं. उतरलेल्या चांदीपैकीं निम्मी दुसऱ्या तारेवर परत बसली असें धरलें, तरी मर्यादेच्या ऐंशीपट चांदी त्या पेल्यांत राहते.

शरीरास चांदीची गरज नाहीं, व आंत गेलेली सर्वच चांदी बाहेर पडत नाहीं. तिचा कांहीं अंश कातडींत व इंद्रियांत सांचतो. बरणीच्या तळाचा चोथा उन्हानें काळा पडतो, त्याच प्रकारची क्रिया कातडीखालीं होऊन चेहरा व नखें निळसर-करडीं होतात. या विकारास आर्जिरिआ म्हणतात. तो रंग बहुधा जन्मभर जात नाहीं. अमेरिकेंत मोंटाना संस्थानांतील स्टॅन जोन्स या राजकारणी गृहस्थानें १९९९ सालीं, पुढील वर्षीं औषधांचा तुटवडा पडेल या भीतीनें, घरीं केलेलें चांदीचें पाणी घेण्यास आरंभ केला. २००२ च्या निवडणुकींत तो सेनेटसाठीं उभा राहिला तेव्हां त्याचा निळा पडलेला चेहरा साऱ्या देशानें पाहिला. त्याच १९९९ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें, कलिल चांदीचीं औषधें कोणत्याहि रोगावर सुरक्षित व गुणकारी मानतां येत नाहींत, असा नियम केला. कांहीं प्रतिजैविक औषधें व थायरॉइडचें औषध यांच्या शोषणांतहि चांदीनें अडथळा येऊं शकतो, हें वृद्धांच्या बाबतींत विशेष ध्यानांत घ्यावें.

याचा अर्थ चांदी निरुपयोगी आहे असा नव्हे. भाजलेल्या जखमेवर लावण्याचें सिल्व्हर सल्फाडायाझिनचें मलम १९६८ पासून वैद्यकास ठाऊक आहे. पाण्याच्या कामींहि तिचा उपयोग झाला आहे, परंतु वेगळ्या रीतीनें. ग्वाटेमालांत फर्नान्दो मासारिएगोस यांनीं १९८१ सालीं मातींत भुसा मिसळून भाजलेलें सच्छिद्र भांडें केलें व त्यास कलिल चांदीचा लेप दिला. आपल्या पुण्यांत टाटांच्या संशोधन केंद्रानें भाताच्या तुसाच्या राखेचें ‘सुजल’ हें गाळणें तयार केलें. पुढें राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून टाटा केमिकल्सनें डिसेंबर २००९ मध्यें ‘स्वच्छ’ या नांवाचें गाळणें बाजारांत आणलें. भात पिकविणाऱ्या मुळशीकरांस तुसाचा हा उपयोग मनोरंजक वाटेल. या दोन्ही युक्तींत चांदी मातीस अगर राखेस जखडलेली असते व पाणी तिच्यापासून निघून जातें. चांदी पाण्यांत कालवून पिणें ही गोष्ट निराळी.

आणखी एका फसगतीविषयीं सावध करणें अवश्य वाटतें. जल-शुद्धीकरणाचीं यंत्रें विकणारे कांहीं फिरते विक्रेते दोन धातूंचे दांडे पाण्यांत सोडून वीज लावतात. विहिरीचें पाणी क्षणांत तांबडें-हिरवें होतें, व विक्रेत्याच्या यंत्रांतील पाणी तसेंच निवळ राहतें. घरांतील बायामाणसें घाबरून जातात. ती घाण पाण्यांतील नसून लोखंडी दांड्यांतून उतरलेला गंज असतो. ज्या पाण्यांत क्षार आहेत त्यांतून वीज वाहते, म्हणून गंज उतरतो. क्षार काढलेल्या पाण्यांतून ती वाहत नाहीं, म्हणून तें निवळ राहतें. टी. डी. एस. मोजण्याचें खिशांतील यंत्रहि विजेच्या वहनावरूनच आंकडा सांगतें. भारतीय मानकाप्रमाणें हा आंकडा पांचशेपर्यंत असला तरी पाणी इष्टच समजलें जातें. आणि शेणाचें पाणी मिसळलेल्या झऱ्याचा आंकडा पन्नासहि असूं शकतो. हें यंत्र जंतु मोजीत नाहीं.

मग घाटमाथ्यावरील कुटुंबानें करावें काय ? उपाय जुनेच आहेत व स्वस्तहि आहेत. पिण्याचें पाणी गाळून घ्यावें, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवावें, त्याच भांड्यांत झांकून निववावें, व ओगराळ्यानें काढावें. हात बुडवूं नये. विहीर शुद्ध करणें असल्यास चांगल्या ब्लीचिंग पावडरीचें प्रमाण एक हजार लिटरांस अडीच ग्रॅम धरावें. विहिरीचा व्यास तीन मीटर व पाण्याची खोली चार मीटर असेल, तर पाणी सुमारें अठ्ठावीस हजार लिटर भरतें. त्यास सत्तर ग्रॅम पावडर लागेल. पाणी गढूळ असल्यास अधिक लागते. पावडर बादलींत कालवावी, चुना तळाशीं बसूं द्यावा, व वरची निवळ तेवढी दुसऱ्या बादलींत घेऊन ती विहिरींत सोडून पाणी ढवळावें. हें काम संध्याकाळीं करावें, व निदान एक तासपर्यंत कोणीं पाणी भरूं नये. ताम्हिणीसारख्या दमट हवेंत पावडरीचा जोम लवकर जातो, म्हणून ती घट्ट झांकणाच्या डब्यांत कोरड्या जागीं ठेवावी. दुसऱ्या दिवशीं पाण्यास क्लोरीनचा किंचित् वास येणें ही खूण चांगली समजावी.

चांदी आणि मीठ यांच्या या संयोगाचा शेतकऱ्यास खरा उपयोग हवा असेल, तर तो प्रयोगशाळेंत आहे. विहिरीच्या पाण्यांतील क्लोराइड मोजण्यासाठीं रसायनज्ञ सिल्व्हर नायट्रेटचा द्रावच वापरतात. १८५६ सालीं मोर या जर्मन रसायनज्ञानें ती रीत घालून दिली. इंदापूर-बारामतीकडील कालव्याखालच्या ज्या जमिनी चोपण होत चालल्या आहेत, तेथील बागाइतदारांनीं वर्षांतून एकदां उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी जिल्ह्याच्या मृद-चाचणी प्रयोगशाळेंत द्यावें. तेथें पेल्यांत उमटणारा पांढरा गढूळपणा त्यांच्या उंसाविषयीं व द्राक्षाविषयीं कांहींतरी उपयुक्त सांगून जाईल.

ताम्हिणीच्या त्या गृहस्थांनीं आमच्यासमक्ष तारा सोडवून पुसून ठेवल्या. त्यांच्या मातोश्रींच्या चेहऱ्यावर अगर नखांवर विकाराचें कांहीं चिन्ह आम्हांस दिसलें नाहीं. तरी झालेली हकीकत डॉक्टरांच्या कानांवर घालावी असें आम्हीं सुचविलें. सर्व ऐकून मातोश्री म्हणाल्या, “मला पहिल्यापासून आधणाचंच पाणी गोड लागतं, पण पोरानं हौसेनं केलं, नाहीं कसं म्हणूं ?” ज्या घरांत अशी हौस चालू असेल, त्या घरांतील कर्त्या पुरुषानें हा प्रश्न आपल्या वडील माणसांस एकदां विचारून पाहावा, व चुलीवरचें आधण बंद झालें असल्यास तें आजच पुन्हां चढवावें.